दगड वाजतोय का?

१२ एप्रिल १९९९

आज शेडचं कुलूप मी उघडलं. लातूरला नांदेड रोडवरच्या आमच्या या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये डबा पोचवण्यापलीकडे मी कधी पाय ठेवला नव्हता. सासूबाई सकाळपासून तोंड फिरवून बसल्या होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, “लोखंडाच्या धंद्यात घरच्या बाईला पाठवायची वेळ आली.” मी म्हटलं, “अम्मी, वेळ आलीच आहे. मी काय करू?”

अकरमचा उजवा डोळा गेला त्याला आता दोन महिने होतील. तोंडानं मी त्यांचं नाव घेत नाही, इथं लिहायला हरकत नाही. ग्राइंडरचा दगड चालू मशीनवर फुटला आणि तुकडा थेट डोळ्यात. सोलापूरला नेलं, डॉक्टरांनी हात टेकले. जखम भरली, पण माणूस उठायला तयार नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात नाहीतर कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात. शेडचं नाव काढलं की उठून जातात. भीती बसलीय, दुसरं काय.

म्हणून ही वही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मी रेणापूरला मराठी शाळेत शिकले, माझा हात मराठीतच चालतो. अब्बा-अम्मींना मराठी वाचता येत नाही. अकरमना येतं, पण ते आजकाल पेपरसुद्धा उघडत नाहीत. तेव्हा माझा राग इथं बिनघोर राहील.

शेडची दशा बघवत नव्हती. गेल्या पाच-सहा वर्षांत इथून किल्लारीकडच्या नव्या वसलेल्या गावांना किती चौकटी, किती खिडक्या गेल्या त्याला गणती नाही. भूकंपानंतर रात्रंदिवस काम होतं. आता ते संपलं, आता गावात क्लास आणि होस्टेलं. प्रत्येक जण घरावर मजला चढवतोय आणि प्रत्येक मजल्याला लोखंडी कॉट लागतात. काम आहे, पण करणार कोण? अब्बा, म्हणजे माझे सासरे निजामोद्दीन, ज्यांना सगळी पेठ उस्ताद म्हणते, आणि वेल्डर साहेबराव. बस.

१५ एप्रिल

ग्राइंडर साफ करायला घेतला. मधे मोटर, दोन्ही टोकांना एकेक दगड, खाली लोखंडी स्टँड. फुटलेल्या दगडाच्या बाजूला नुसता दांडा उघडा. दुसरीकडचा दगड चालूच होता, म्हणजे ज्या मशीननं माझ्या नवऱ्याचा डोळा घेतला त्यावर रोज काम चाललंय आणि कुणाला काही वाटत नाही. दगडावरचं कव्हर काढून कोपऱ्यात फेकलेलं. लोखंड टेकवायची पट्टी झिजून दगडापासून इतकी लांब गेलेली की मधे अंगठा जाईल. मोटरच्या जाळीत काळी भुकटी गच्च बसलेली.

साहेबरावला विचारलं, कव्हर कुणी काढलं?

“भाभी, कव्हर लावलं तर लांब अँगल बसत न्हाई त्याच्यात. समद्यांनी असंच काम केलंय हितं.”

“आणि चष्मा?”

“चष्म्यात घाम येतोय. दिसत न्हाई काय बी.”

मी स्विच बंद करून ब्रश हातात घेतला आणि थांबले. स्विच तर कुणीही दाबू शकतं. मेनमधून चिनी मातीचा फ्यूज उपसला आणि पर्समध्ये टाकला. साहेबराव हसायला लागला. हसू दे. मग तोंडाला रुमाल बांधून ब्रशनं सगळी भुकटी काढली. साहेबराव म्हणाला फुंकून टाका, चटकन होतं. फुंकली असती तर तीच डोळ्यात. कोपऱ्यातलं कव्हर उचलून परत बसवलं.

अब्बांना दोनदा विचारलं की जाळी कशी उघडायची. माझ्याकडे पाठ करून शिकंज्यात लोखंडी पट्टी आवळून कानशीनं घासत होते, उत्तर नाही. सुनेनं मशीनला हात लावलेला त्यांना पसंत नाही, हे समजतं मला. पण निदान नाही म्हणा! मी माणूस आहे की भिंत?

१७ एप्रिल

आज फुटक्या दगडाच्या बाजूचा नट काढायचा होता. मी आणि साहेबराव दोघं पान्याला लोंबकळलो. तेल सोडलं, हातोडी मारली. नट हलेना. अब्बा मशिदीत. जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजला हल्ली अजान व्हायच्या आधीच निघतात, का तर पुढच्या सफेत, म्हणजे रांगेत, इमामसाहेबांच्या मागे जागा मिळावी. शेडमध्ये काम पडलंय आणि यांना पहिल्या रांगेचा मान हवाय.

घरी येऊन मी भांडी आपटत होते. कुणाला सांगत नव्हते, नुसतीच बडबडत होते की नट जाम आहे, कापून काढावा लागणार. तेवढ्यात आतून अकरमचा आवाज आला.

“कुठल्या बाजूचा?”

“डावीकडचा.”

“उलटा आटा असतो त्याला. तुम्ही सगळे मिळून आवळत बसला असाल.”

खरं होतं. दिवसभर आम्ही तो आवळत बसलो होतो. मी विचारलं, “मग तुम्हीच का येत नाही?” तर कूस बदलली. आयटीआय शिकलेला माणूस, सगळं माहीत आहे, आणि पलंगावरून सांगणार. मला इतका संताप आला की जेवण तसंच झाकून ठेवलं.

२४ एप्रिल

पंचाक्षरी अप्पा आले होते. गंजगोलाईत त्यांचं कापडाचं दुकान आहे, आता घराचे वरचे दोन मजले मुलींच्या होस्टेलला काढलेत. कंधारच्या, किल्लारीकडच्या, पार नांदेडच्या मुली यायच्यात. कॉट हव्यात, प्रत्येकीला पुस्तकांचा कप्पा हवा, आणि कडेला हात लावला तर ओरखडा उठता कामा नये.

“उस्ताद, मुलींचं काम हाय. एक बी कड धारदार राहिली तर आईबाप मला धरतील.”

माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मी समोर उभी असून सगळं बोलणं अब्बांशी. आणि अब्बा? साहेबरावचं वेल्डिंग मागे चरचरत होतं आणि हे नुसते मान हलवत होते. “पंधरा जूनला मुली येणार, दहाच्या आत सगळा माल पायजे, जमंल न्हवं?” मान हलवली. “रंग दोन हात?” मान हलवली. “पोचवून तुम्हीच देणार?” मान हलवली.

अप्पा गेल्यावर मी म्हटलं, “अब्बा, एका ग्राइंडरवर दहा जूनला हे कसं होणार?” ते म्हणाले, “हां, चांगला माणूस आहे.”

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. या घरात आता माझं बोलणं कुणाच्या खिजगणतीत नाही.

३ मे

साहेबरावशी कडाक्याचं भांडण.

लाईट दुपारी गेली. साहेबरावनं ग्राइंडरचा स्विच तसाच चालू ठेवला, मला माहीत नाही. मी कव्हर उघडून दगडाच्या कडेला चिकटलेली भुकटी काढायला बसले. फ्यूज काढायला हात गेला नाही, कारण लाईटच नव्हती. एवढीच चूक. मधेच बाहेरून अम्मींनी पाठवलेला डबा आला म्हणून उठले आणि त्याच वेळी लाईट आली. दगड घूं करून फिरला, माझा ब्रश उडून पत्र्यावर जाऊन आदळला. डबा आला नसता तर बोटं होती तिथं.

मी स्विचकडे बोट करून ओरडले. साहेबराव म्हणाला, “लाईट गेल्यावर कोण बंद करतंय भाभी? आल्यावर आपोआप चालू व्हतंय, तेवढंच काम वाचतंय.”

“तुझ्या बोटाची गोष्ट असती तर?”

“आमचं नशीब लई घट हाय. घर पडलं तरी वाचलो.”

साहेबराव किल्लारीच्या शेजारचा. भूकंपाच्या पहाटे बायको आणि आई दोघीही गेल्या. ती गोष्ट काढली की मला पुढं बोलता येत नाही आणि त्याला ते माहीत आहे. मग आणखीच चिडले. ढिगाऱ्यातून वाचलेल्या माणसानं बोट दगडात घालावं का?

आजपासून लाईट असो नसो, मशीनला हात लावायच्या आधी फ्यूज माझ्या पर्समध्ये. हा कायदा. साहेबराव तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. अब्बा या सगळ्या आरडाओरड्यात शांतपणे सळई मोजत होते. मानही वर केली नाही. सून मरता मरता वाचली, सळई महत्त्वाची.

९ मे

कव्हर परत काढलेलं. मी परत लावलं.

१० मे

कव्हर परत काढलेलं. यावेळी अब्बांनी. विचारलं तर इतक्या मोठ्यानं खेकसले की शेजारच्या टायरवाल्यानं डोकावून बघितलं. मी काही बहिरी आहे का?

रात्री अम्मींजवळ बोलले. “अब्बांना माझं शेडमध्ये येणं नको असेल तर सरळ सांगा. हे असं ऐकून न ऐकल्यासारखं करणं मला सहन होत नाही.”

अम्मी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “म्हातारा माणूस. समोर जाऊन बोलत जा.”

समोर, मागे, वरून, खालून, कुठून बोलू?

१८ मे

नवा दगड आणायला साहेबरावला वीरण्णाच्या हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं होतं. मी स्वतः जायला हवं होतं. पठ्ठ्यानं दगड सायकलच्या कॅरियरला ट्यूबनं बांधला आणि खड्ड्याखड्ड्यांतून आणला. वीरण्णानं निरोप दिला होता म्हणे, की चढवायच्या आधी वाजवून बघा.

वाजवून बघणं हे अब्बांचं काम. या शेडमध्ये एकही दगड त्यांच्या कानाखालून गेल्याशिवाय चढलेला नाही. दगडाच्या भोकात बोट घालून तो लोंबता धरायचा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकं ठोकायचं. चांगला दगड खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द बोलतो. एवढं अकरमनी मला लग्नानंतर कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं, अब्बांच्या कानाची तारीफ करताना.

अब्बांनी ठोकलं. मी शेजारीच उभी होते. मला आवाज फुटक्या मडक्यासारखा वाटला. पण मी किती दगड ऐकलेत? अब्बा म्हणाले, “वाजतोय. चढव.”

“अब्बा, जरा बद्द नाही वाटत?”

“सांगितलं ना, चढव.”

दोन्ही बाजूंनी कागदाच्या चकत्या घातल्या, नट बेताचा आवळला, कव्हर लावलं. पट्टी दगडाच्या अगदी जवळ सरकवली, मधे आगपेटीची काडी कशीबशी जाईल इतकी. सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि मोकळा फिरवून बघितला. फिरला. साहेबराव म्हणाला, “बगा, उगं भ्यालात.” असेल. उस्तादांपुढे मी कोण?

तरी मनातून जात नाही.

२० मे

अक्षर वाकडं येतंय.

जेवणानंतर मी बाहेर कॉटच्या पायांना रंग देत होते. आत अब्बा ग्राइंडरवर पायांच्या कडा मोडत होते. एकदम शेडचे पत्रे थरथरायला लागले आणि साहेबराव वेल्डिंगचं हँडल टाकून पळत बाहेर आला. जमीन जराशी हलल्यासारखी वाटली की त्याचं हे असंच होतं, अजून. पण हा भूकंप नव्हता. आतून ग्राइंडरचा आवाज येत होता, घरघर, आणि त्यात टक, टक, टक.

मी दारातून ओरडले, “अब्बा, बंद करा!”

ते घासत राहिले.

“अब्बा!” साहेबरावनंही हाक मारली, “उस्ताद! दगड!” तो इतका मोठ्यानं ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली. अब्बा आमच्यापासून चार हातांवर होते. पाठ आमच्याकडे. खांद्यावरचा रुमाल सारखा करून त्यांनी दुसरा पाय उचलला आणि दगडावर टेकवला. असे निवांत, जणू आम्ही तिथं नाहीच.

मी भिंतीच्या कडेनं मेनपर्यंत पळाले आणि खटका पाडला.

दगड थांबायला किती वेळ लागतो हे मला आज कळलं. थांबला तेव्हा भोकापासून कडेपर्यंत तडा, नख जाईल एवढा. आणखी थोडा वेळ चालला असता तर कव्हरनं तरी किती अडवलं असतं देव जाणे.

अब्बा दगडाकडे बघत राहिले. मग वळून मला म्हणाले, “लाईट गेली का?”

तेव्हा कळलं. खाली पडलेली हातोडी मी उचलली, त्यांच्या पाठीमागे गेले आणि लोखंडी टेबलावर मारली. साहेबराव दचकला. अब्बा दचकले नाहीत. परत मारली. ते चष्मा पुसत होते.

माझ्या तोंडाकडे बघून साहेबराव बाहेर गेला. अब्बा वळले, माझ्या हातातली हातोडी बघितली. चपला घातल्या आणि घरी गेले.

२१ मे

अम्मींना माहीत होतं.

“किल्लारीच्या चौकटी करता करता गेले कान,” म्हणाल्या. “दिवसा ग्राइंडर, रात्री ग्राइंडर. आधी पाखरांचा आवाज गेला, मग अजान. मशिदीत पुढं उभे राहतात ते इमामसाहेबांची हालचाल दिसावी म्हणून. घरात मी सांभाळून घेते. कुणी काही विचारलं की मी आधी बोलते.”

“आणि शेडमध्ये कोण सांभाळत होतं?”

अम्मी रडायला लागल्या. मला रडायला आलं नाही. मला एकच दिसत होतं. फेब्रुवारीतला तो दगडही अब्बांनीच वाजवला होता. अकरमनी विचारलं असेल, अब्बा, ठीक आहे ना? आणि हे म्हणाले असतील, वाजतोय, चढव. आणि दगड फुटल्यावर सोलापूरच्या दवाखान्यात, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, “बाजूनं दाबलं असशील. किती वेळा सांगितलं, दगडाच्या बाजूवर घासायचं नाही.” अकरम तोंडावर पट्टी घेऊन ऐकत होते. सगळ्या लातूरभर झालं की पोरगा हलगर्जी.

इतका संताप मला कधी आला नव्हता. कान गेले ते समजू शकते. पण तीन महिने पोराला भिंतीकडे तोंड करून पडलेलं बघत होतात ना तुम्ही?

२४ मे

काम बंद. नवा दगड आणला, मी स्वतः जाऊन, मांडीवर घेऊन रिक्षानं. वाजवला. मला तो चांगला वाटतो. पण परवाही मला शंका होती आणि मी गप बसले, आज शंका नाही तर त्याच्यावर तरी किती भरवसा ठेवू? चढवायचं धाडस होत नाही. साहेबराव म्हणतो, “आता माझा बी जीव व्हत न्हाई त्याच्याफुडं उभं राहायचा.” म्हणजे चष्मा लावायला सांगत होते तेव्हा नशीब घट होतं.

संध्याकाळी अब्बांसमोर जाऊन बसले. तोंडाकडे तोंड करून, सावकाश म्हटलं, “तुम्ही त्यांना सांगा. नाहीतर मी सांगेन.”

अब्बांनी माझे ओठ वाचले. मग म्हणाले, “एक डोळा गेला पोराचा. आता बाप पण घालवू का त्याचा?”

मी उठून आत आले. त्याचाच राग येतोय. उत्तर होतं, असायला हवं होतं.

२७ मे

दुपार कलल्यावरच्या अस्रच्या नमाजनंतर अब्बा मशिदीतून आले ते आत गेले नाहीत. ओट्यावर अकरम बसले होते, त्यांच्या शेजारी बसले. मी दारात तांदूळ निवडत होते.

“अकरम,” अब्बा म्हणाले, “तो दगड मी पास केला होता.”

त्यांना वाटत असणार की ते हळू बोलतायत. पण आवाज असा निघाला की गल्लीच्या टोकापर्यंत जावा. समोरच्या घरातली बाई दळण पाखडता पाखडता थांबली. अकरमनी दचकून हात खाली-खाली केला, आवाज कमी करा म्हणून. अब्बांची नजर समोरच्या भिंतीवर होती.

“मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. दगड ठोकायचो आणि अंदाजानं हो म्हणायचो. त्या दिवशी पण तसंच केलं. तू विचारलं होतंस मला, दगड वाजतोय का. मी हो म्हटलं.”

सायकलवरून जाणारे दोघं पाय टेकवून उभे राहिले. कुणाच्या तरी घरातला रेडिओ बंद झाला. अकरमचा हात अजून हवेत होता. तो त्यांनी हळूहळू मांडीवर ठेवला आणि बापाला बोलू दिलं.

“तू बाजूनं दाबलं असशील म्हणून मी बोललो. मला ठाऊक नव्हतं काय झालं ते. पण बोललो. लोकांनी माझ्या कानाला नाव ठेवू नये म्हणून बोललो.”

आख्ख्या गल्लीनं ऐकलं. एकट्या अब्बांना माहीत नव्हतं की गल्लीनं ऐकलं.

अकरमनी काहीतरी विचारलं. अब्बांनी कान पुढे केला. अकरम आणखी जवळ सरकले, तोंड कानाशी नेलं आणि परत म्हणाले. मला एवढंच ऐकू आलं, “मला आठवत होतं की दाबलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून मला वाटलं, दाबलं असेल.”

मग उठून आत गेले. अब्बा ओट्यावरच बसून राहिले. संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजला पण गेले नाहीत.

१ जून

आता दोघांचं बोलणं बंद. अकरम एका ताटाला बसत नाहीत. अब्बा खोलीत आले की हे बाहेर जातात. अम्मी मला म्हणतात, तू आग्रह धरलास म्हणून घर फुटलं. आता हेही माझ्यावर.

तिकडे पंचाक्षरी अप्पांचा निरोपावर निरोप. शेवटी मीच गेले दुकानात. गाद्यांच्या ढिगाऱ्याजवळ उभी राहून सरळ सांगितलं की दहा तारखेला निम्म्याच कॉट होतील.

“उस्तादांनी हो म्हटलं होतं मला!”

“अप्पा, उस्तादांना तुमचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. त्यांचे कान गेलेत. इथून पुढं माल कधी मिळेल ते मला विचारायचं.”

अप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. थोडे नरमले, पण राहिलेल्या कॉटचं काम औसा रोडवरच्या दुसऱ्या शेडला दिलं. धंदा आहे, त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. येताना रस्त्यानं क्लासच्या पाट्याच पाट्या, त्याखाली चौकशीला आलेल्या मुलींचे घोळके, आणि मला वाटत होतं या प्रत्येकीची एक कॉट माझ्या हातून गेली.

५ जून

सकाळी शेडमध्ये पोचले तर दार उघडं. फ्यूज जागेवर नव्हता. माझ्या पर्समध्येही नव्हता. पळतच आत शिरले. आत अकरम.

पांढरा फ्यूज शर्टाच्या खिशातून वर डोकावत होता. जाळी उघडून मोटर आतून साफ करत होते, डावा डोळा अगदी जवळ नेऊन, मान वाकडी करून. अंतराचा अंदाज येत नाही अजून. ब्रश एकदा मोटरवर, एकदा हवेत. मी पुढे झाले तर म्हणाले, “हात नको लावू. मला सवय करू दे.” चष्मा लावलेला होता. साहेबराव तो बघून आपला शोधायला लागला.

मग नवा दगड घेतला. भोकात बोट घातलं, लोंबता धरला, मुठीनं ठोकलं. डोळा मिटून ऐकलं. दगड थोडा फिरवून परत ठोकलं. मग माझ्या कानाजवळ धरला.

“तुला काय वाटतं?”

“वाजतोय.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग मागच्या दगडाच्या वेळी गप का बसलीस? साहेबराव सांगत होता.”

मी कागदाच्या चकत्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी दगड चढवला, कव्हर लावलं, पट्टी सरकवली.

अब्बा उशिरा आले. मुलाला बघून दारातच थबकले, मग आपल्या शिकंज्यापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून कानस चालवू लागले. अकरमनीही मान वळवली नाही.

मोकळा फिरवून बघायची वेळ आली. साहेबराव बाजूला झाला, मी झाले. अब्बा होते तिथेच, बरोबर दगडाच्या रेषेत. हाक मारून उपयोग नव्हता. मी त्यांच्याकडे निघाले तर अकरमनी मला हातानं थांबवलं. स्वतः गेले. क्षणभर मागे नुसते उभे राहिले, मग बापाच्या खांद्यावर हात ठेवला. अब्बा वळले. अकरमनी बोटानं मशीन दाखवली, मग बाजूची जागा दाखवली. अब्बा कानस हातात घेऊन निमूटपणे तिथं जाऊन उभे राहिले.

फ्यूज घातला, स्विच दाबला. दगड चांगला फिरला. मग दिवसभर काम चाललं. दर वेळी मशीन चालू करायच्या आधी अकरम जायचे आणि खांद्यावर हात ठेवून यायचे. एकदा तर अब्बा दगडापासून पार लांब, दाराजवळ पाणी पीत होते. तरी गेले.

घरी परत येताना मी विचारलं, “अब्बांशी बोललात म्हणायचं.”

“बोललो कुठं? मशीन चालू करायची होती, म्हणून सांगितलं.”

म्हणजे अबोला आहे तो आहेच. अम्मी उद्या परत मलाच बोलणार. या बापलेकांचं काय करावं, मला खरंच कळत नाही.